आईने शिजवलेले बुश

माझ्या वडिलांच्या व्हॅनचा गिअर टाकणं ही एक विद्या होती आणि ती त्यांनी कुणालाही शिकवली नाही. ती शिकवता येण्यासारखीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. त्यांना शिकवायचीच नव्हती, असं माझं. मला राग लवकर येतो आणि आला की तो वाया घालवायला आवडत नाही, त्यामुळे आमचं या विषयावर बरेचदा वाजायचं.

गाडी म्हणजे बंद डब्याची जुनी व्हॅन. पुढे एक लांब सीट, मागे लाकडी बाकं, आणि गिअरचा दांडा आजच्यासारखा पायाशी नव्हता, तो स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला. तसल्या गाड्या बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलं होतं. वडिलांनी ती जूचंद्रला आणली तेव्हाच ती दोघातिघांनी वापरून टाकलेली होती. तिचा मूळ रंग कोणता, हे दार उघडून बिजागरीच्या आत डोकावल्यावर कळायचं. पावसाळ्यात आमची खाडीकाठची भातशेती आणि बाकीचं वर्ष ही गाडी. मांडवाचे बांबू, जेवणावळीचे टोप, गणपती, वऱ्हाड, जे मिळेल ते वडील त्यातून न्यायचे.

पहिला गिअर टाकायचा तर दांडा स्वतःकडे ओढून थेट गुडघ्यापर्यंत खाली आणायचा. दुसऱ्यासाठी वर ढकलायचा, मध्येच जरा थांबायचं, आणि मग खालून तळहाताने एक थाप. तिसऱ्याला थाप चालत नसे. तिसऱ्याला वडील नुसतं "चल गो" म्हणायचे आणि तो पडायचा. चौथा लागला तर लागला. रिव्हर्सच्या नादी ते सहसा लागत नसत. जिथून वळसा घालून बाहेर पडता येईल अशाच जागी ते गाडी घालत. बाकी वेळ दांडा नुसता डुलायचा आणि खाली सळया एकमेकींवर अशा आपटायच्या की आत बसलेल्या माणसांना ओरडून बोलावं लागे. गाडी तळ्यापाशी आली की इकडे आई चहाचं आधण ठेवायची.

नायगावच्या एका मेकॅनिकने एकदा खाली वाकून बघितलं आणि सगळे बुश गेलेत म्हणून सांगितलं. बुश म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. स्टिअरिंगच्या खालून दोन सळया गिअरबॉक्सकडे जातात. सळईच्या टोकाला भोक, भोकात दुसऱ्या भागाची खुंटी, आणि खुंटी आणि भोक यांच्या मध्ये एक छोटंसं कडं बसवलेलं असतं. ते कडं म्हणजे बुश. ते झिजून गेलं की खुंटी भोकात मोकळी नाचते आणि वर दांडा डुलतो. या गाडीचे बुश आता कुठेच मिळणार नाहीत, असंही मेकॅनिक म्हणाला. दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. वडील मात्र घरी आले ते परीक्षेत पास झाल्यासारखे. गाडी खडखडते म्हणून तर चोर नेत नाहीत, असं ते चार जणांत सांगत, आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकत, "ही गारी फकस्त मनाच वलखते." म्हणजे फक्त मलाच ओळखते.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे.

आई धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, असतो. तो धवलारणीने म्हणायचा, मागच्या बायांनी ओढायचा, म्हणजे तिच्यामागून ओळ धरायची, आणि धवला सुरू झाल्याशिवाय नवऱ्या मुलीच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. आई हे सगळं तिच्या मावशीकडून शिकली होती. एकही ओळ कुठे लिहिलेली नाही, सगळं डोक्यात. एरवी आई फार बोलणारी नव्हती. मांडवात पाटावर बसली की मात्र पाटील असो नाहीतर सरपंच, सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. घरात मात्र ती धवले कधी म्हणत नसे. लग्नावाचून धवला म्हणायचा नाही, असा तिचा नेम होता.

ही बाई लग्नाच्या घरी पोचायची कशी? वडील सोडतील तेव्हा. आणि लग्नसराईत वडिलांची गाडी आधीच कुणाचे तरी टोप नाहीतर बांबू न्यायला ठरलेली असायची. धवलारीण वेळेवर आली नाही तर मुहूर्त थांबत नाही, दुसरी धवलारीण आणतात. एकदा कामणच्या बाजूला असंच झालं. वडिलांना यायला उशीर झाला, आई मांडवात शिरली तेव्हा पाटावर दुसरीच बाई बसली होती. आई गुमान पाहुण्यांत जाऊन बसली, मागच्या बायांबरोबर धवला ओढला, ताट वाढलं ते जेवली आणि परत आली. वाटेत ती काही बोलली नाही. त्या खडखडाटात बोलली असती तरी कुणाला ऐकू आलं नसतं. मी घरी आल्यावर दोन भांडी आपटली. तिने मला ती उचलून जागेवर ठेवायला लावली आणि म्हणाली, "मना कोनी आनून सोरायची गरजच नाय पायजे."

त्यानंतर तिने गाडी शिकायला नाव घातलं.

तेव्हा आमच्या गावात बाई गाडी चालवते म्हटलं की लोक आधी हसून घ्यायचे आणि मग विचारायचे. आई पंचेचाळिशीच्या पुढची. नायगावच्या स्टेशनजवळ एक शिकवणारा होता, त्याच्या छोट्या गाडीत ती पदर खोचून बसायची. वडिलांनी नको म्हटलं नाही. शीक ना, कोण अडवतंय, असं अगदी मोठ्या मनाने म्हणाले. आपली गाडी आपल्याशिवाय कुणाला दाद देत नाही याची त्यांना खात्री होती. आई ठाण्याला जाऊन पक्कं लायसन्स घेऊन आली. त्यावरच्या फोटोत ती फार रागावलेली दिसते, खरं तर तिला फक्त शिंक येत होती. लायसन्स तिने कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं.

मग एका रविवारी, भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्या शेतात, वडिलांनी तिला चावी दिली. बघायला निम्मी आळी. आईने पहिला टाकला, गाडी निघाली. दुसऱ्याला दांडा कुठे गेला तेच तिला कळेना. ती शोधत राहिली आणि गाडी आचके देत बांधाला टेकून बंद पडली. पुन्हा तेच. वडील बांधावर उभे राहून पोट धरून हसले. त्यात वाईट काही नव्हतं, त्यांचं हसणंच तसं होतं. पण आईने चावी परत दिली तेव्हा ती त्यांच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. मी तेवढं बघितलं.

संध्याकाळी तांदूळ निवडताना तिने मला विचारलं, "जात्याचा खुंटा सैल झाला तं आपून काय करतो?"

चिंधी गुंडाळतो, मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि निवडत राहिली. आमच्या घरी अजून जातं होतं, वालाची डाळ त्याच्यावरच भरडायची. मला कळायला जरा वेळ लागला की ती खुंट्याबद्दल बोलत नव्हती.

वडील दुपारी जेवून झोपत. झोपत म्हणजे पडवीत चटईवर उताणे पडून असे घोरत की अंगणातल्या कोंबड्याही लांबून जात. गाडी तेव्हा चिंचेखाली उभी असायची. दुसऱ्या दिवशी घोरणं सुरू झालं तशी आई पक्कड घेऊन उठली, तिच्या मागे मी. आम्ही गाडीखाली पोतं अंथरून आडव्या सरकलो. बाहेर दोन जोड पाय आणि आत दोन डोकी. घोरणं चालू असेपर्यंत काम करायचं; थांबलं की सरकून बाहेर यायचं आणि पोत्यावर मिरच्या वाळत घालतोय असं दाखवायचं. त्या वर्षी आमच्याकडच्या मिरच्यांनी जितकं ऊन खाल्लं तितकं कुठल्याच मिरच्यांनी खाल्लं नसेल.

आम्ही खुंट्यांवर खोबरेल तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या. संध्याकाळी वडील फेरी मारून आले ते खूश होऊन. गिअर कसा लोण्यासारखा पडतोय, म्हणे, कारण मी कालच ऑइल टाकलं. माझ्या ओठांवर आलं होतं, पण आईने चिमटा काढला. मात्र जातं बसल्या जागी फिरतं आणि गाडी खड्ड्यांतून जाते हे आम्ही विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी चिंध्यांची लक्तरं गाडीखाली लोंबायला लागली आणि दांडा पहिल्याहून जास्त नाचू लागला.

मग रबर. वडिलांची जुनी स्लिपर कापून आम्ही तिची कडी केली. आता खडखडाट गेला, पण गिअर टाकला की रबर दबायचं आणि पुन्हा फुगून त्याला बाहेर ढकलायचं. वडील चढावर निघाले, दुसरा टाकला, तो आपोआप सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. ते घरी येऊन म्हणाले की आज गाडीचा मूड नाही. मग स्लिपर शोधायला लागले. आम्ही दोघी मिळून त्यांच्याबरोबर शोधली.

मी एव्हाना कंटाळले होते. सरळ भांडून गाडी मेकॅनिककडे नेऊ, असं माझं म्हणणं. आईला ते पटत नव्हतं. भांडून गाडी मिळाली तर रोज भांडावं लागेल, ती म्हणाली. या बाबतीत ती माझ्यापेक्षा फार शहाणी होती.

पाचूबंदरची एक मासेवाली आमच्याकडे यायची. आईची आणि तिची ओळख कुठल्याशा हळदीत झालेली. ती बोंबील द्यायची, आई वालाच्या शेंगा द्यायची, आणि मग दोघी ओट्यावर बसून जगाचा निकाल लावायच्या. आईने तिला चिंचेखाली नेलं आणि खाली वाकून सळया दाखवल्या. पाटी बाजूला ठेवून तीही पोत्यावर आडवी झाली. बाहेर आली ती हसतच. होडीच्या कप्पीचं लाकूड झिजतं म्हणून तिच्या घरचे आत नायलॉन घालतात, असं तिने सांगितलं. पुढच्या खेपेला तिने वर्तमानपत्रात गुंडाळून पांढऱ्या नायलॉनचा अंगठ्याहून जाड तुकडा आणला. त्याला बोंबलांचा वास होता. "समिंदराच्या पान्यात झिजत नाय," ती म्हणाली, "तं तुज्या गारीत काय झिजल?" शिवाय एक युक्ती सांगून गेली. कडं भोकात बसत नसेल तर उकळत्या पाण्यात टाकायचं. गरम असताना ते मऊ पडतं, तेवढ्यात ठोकून बसवायचं.

आम्ही कामाला लागलो. खुंटीची जाडी मोजायला आईने झाडूची हीर घेतली, खुंटीच्या रुंदीएवढी मोडली आणि कानामागे खोचली. नायलॉनचा तुकडा करवतीने कापून चार चकत्या झाल्या. पहिल्या चकतीला भोक पाडायला मी चुलीत सळई तापवली आणि आरपार घातली. भोक पडलं, पण केवढंतरी आणि वाकडं, आणि असा वास सुटला की पडवीतलं घोरणं थांबून दोन शिंका आल्या. तो बुश गेला. उरलेल्या तुकड्यातून तिच्या जागी आणखी एक चकती कापली आणि शेजारच्या सुताराकडून गिरमिट आणलं. मी चकती पायाच्या अंगठ्याने दाबून धरायची आणि आईने गिरमिट फिरवायचं. भुगा खोबऱ्याच्या किसासारखा निघायचा. मग गोल कानशीने आतून घासायचं आणि हीर लावून बघायची, पुन्हा घासायचं, पुन्हा बघायचं. अशा कितीतरी दुपारी आम्ही कणाकणाने घासत बसलो. इतकी वर्षं आई आणि मी नुसत्या बसून इतका वेळ कधी घालवला नव्हता. ती मला मावशीच्या गोष्टी सांगायची. मावशी धवला चुकला की उलथनं दाखवायची म्हणे. मी कॉलेजातल्या गमती सांगायचे. त्या दुपारी संपूच नयेत असं मला वाटायला लागलं होतं.

शेवटी चारही कडी तयार झाली. आईने चुलीवर टोप चढवला, पाणी खळखळायला लागल्यावर कडी आत सोडली आणि झाकण ठेवलं. आम्ही सळया मोकळ्या करायला बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर वडील चुलीपाशी उभे. झाकण त्यांच्या हातात आणि तोंडावर हसू.

"माकूल?" त्यांनी विचारलं.

उकळत्या पाण्यात पांढरी गोल कडी वरखाली करत होती. माकूल, म्हणजे शहरातले जिला स्क्विड म्हणतात ती, चिरून टाकली की तंतोतंत तशीच दिसते, आणि नायलॉनला बोंबलांचा वास अजून होताच. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, हां, माकूलच. झाली का, त्यांनी विचारलं. "निबर हाय," आई म्हणाली. "येल लागंल."

वडील समाधानाने पुन्हा जाऊन पडले. मी ओढणीत तोंड खुपसून इतकी हसले की मला उचकी लागली. आईने चिमट्याने एकेक कडं काढलं, पळत नेलं, आणि सळईच्या भोकावर ठेवून धोपाटण्याने ठोकलं. कडं आत गेलं. चारही गेली. खुंट्या त्यात घातल्या, पिना लावल्या. दांडा हलवून बघितला तर तो हलेचना. म्हणजे जिथे जायचा तिथेच जायचा आणि मधे कुठे डुलत नव्हता. वीतभर खाली पहिला, वीतभर वर दुसरा. प्रत्येक वेळी टक असा आवाज. आईने तो कितीदा तरी टाकला आणि काढला.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, बस.

पडवीत घोरणं चालू होतं. आम्ही गाडी ढकलून अंगणाबाहेर नेली आणि वळणावर आईने ती चालू केली. तळ्यापर्यंत गेलो, वळसा घालून परत आलो. चारही गिअर लागले. आईचे डोळे रस्त्यावर इतके खिळलेले की मी तिला दोनदा श्वास घ्यायला सांगितलं. गाडी चिंचेखाली जशीच्या तशी लावली. रात्री वडिलांनी माकूल मागितली. आई म्हणाली शिजलीच नाही, टाकून दिली. ते सुके बोंबील खाऊन हळहळत झोपले.

सकाळी ते जेवणावळीचे टोप पोचवायला निघाले आणि अर्ध्या तासात चालत परत आले. गारी बिघडली, म्हणाले. खरं काय झालं ते मला नंतर चौकातल्या माणसांनी साग्रसंगीत सांगितलं. वडिलांनी सवयीने दांडा गुडघ्यापर्यंत ओढायला जोर लावला, तर तो वीतभर येऊन थांबला. अडकला असं समजून त्यांनी आणखी जोर लावला. दुसऱ्यासाठी खालून थाप मारली ती बसली भलतीकडेच. गाडीने उडी मारली, मागचे टोप एकमेकांवर आदळले आणि चौकाच्या मधोमध सगळं बंद पडलं. पुन्हा चालू करून पुन्हा तेच. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताने गाडीचा सैलपणा पाठ केला होता. गाडी सरळ झाली आणि त्यांना ती चालवता येईना.

आईने हात पुसले, पदर खोचला आणि चालत चौकात गेली. मागे वडील, त्यांच्या मागे मी. ओट्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या. आई आत बसली, गाडी चालू केली, टक करून पहिला टाकला आणि निघाली. वडील पळत जाऊन दुसऱ्या दारातून आत शिरले. टोप पोचवून दोघं घरी आली तेव्हा वडील गाडीतून उतरले ते थेट खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं आता वाजणार. मी भांडायच्या तयारीने कमरेवर हात ठेवले.

"ही तं माकूल हाय," गाडीखालून आवाज आला.

मग ते तिथेच जमिनीवर बसून हसायला लागले. आम्ही तिघंही हसलो. शेजारचा सुतार काय झालं म्हणून कुंपणापाशी आला तर त्याला कुणालाच धड सांगता येईना.

पण हसून झाल्यावर ते गाडीकडे फिरकले नाहीत. दोन दिवस ओट्यावर बसून राहिले. मी समजत होते ते रागावलेत. आई म्हणाली, राग नाही, हाताला काम नाही. आणि खरंच, तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीतली चटई रिकामी. वडील चिंचेखाली बंद गाडीत बसून दांडा वरखाली करत होते. हळूच, वीतभर. तिसऱ्याला अजून "चल गो" म्हणत होते, पण ते म्हणेपर्यंत तो आधीच पडलेला असायचा. आई गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. कोण कुणाला काय शिकवत होतं ते मी जाऊन बघितलं नाही.

त्याच आठवड्यात हायवेच्या पलीकडच्या एका गावात हळद होती. वडिलांचा हात अजून बसला नव्हता, तेव्हा गाडी आईच नेणार हे न बोलता ठरलं. वडील गाडी सांभाळायला म्हणून बरोबर निघाले. मी मागच्या बाकावर. हायवे ओलांडताना दोन्हीकडून ट्रक, आणि वडील दोन्ही हातांनी सीट धरून बसलेले. आई थांबली, बघितलं आणि शांतपणे पार झाली. पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा मला जाणवलं की गाडीत आवाजच नाही. इंजिन तेवढं घुमत होतं. आईलाही ते जाणवलं असावं, कारण ती गुणगुणायला लागली. गळा मोकळा करून घेत होती. हळदीच्या घरी निघालो होतो, तेव्हा नेमही मोडत नव्हता. मग तिने गुणगुणणं सोडून धवला पूर्ण आवाजात म्हटला, गिअर बदलत, वळणं घेत.

वडिलांनी सीट धरलेले हात सोडले. मग त्यांनी विचारलं, "ह्यो कंचा धवला? मी कवा ऐकला नाय."

"हलदीचा," आई म्हणाली. "सगल्या हलदीत ह्योच म्हनतय."

मी मागे बसून मनात आठवत गेले. तिला इतक्या मांडवांच्या दारात त्यांनी सोडलं होतं. सोडून ते पुढच्या फेरीला जायचे, नाहीतर लांब कुठेतरी झाडाखाली गाडीत आडवे व्हायचे, नाहीतर इतर ड्रायव्हरांबरोबर चहा. आत ते कधी आलेच नव्हते. आईबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने ती काय म्हणते ते ऐकलंच नव्हतं, आणि हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. घरचे लोक दारात वाट बघत होते. धवलारीण स्वतः गाडी चालवत आली हे बघून मुलांनी गाडीभोवती कोंडाळं केलं. आई उतरली, पाय धुतले, पाटावर जाऊन बसली. नवरी मुलगी समोर, हळदीची वाटी भरलेली, मागे बाया सरसावून बसल्या. मी त्यांच्यातच जागा धरली. आईने डोळे मिटले आणि धवला धरला. तिचा मांडवातला आवाज वेगळाच असतो. मला तो लहानपणापासून माहीत आहे आणि तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

मांडवाच्या दारात वडील चपला काढत होते. पुरुषमंडळींनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी नको म्हटली. बायकांच्या मागे, पोराटोरांमध्ये, खाली सतरंजीवर ते मांडी घालून बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून ऐकायला लागले.

आईने डोळे उघडले आणि तिला ते दिसले. तिची ओळ सुटली. जी बाई तापात, पावसात, रात्रभर जागूनही कधी एक शब्द चुकली नव्हती, तिला पुढचं काही आठवेना. हळदीत बुडवलेली बोटं तशीच हवेत थांबली. मग मागच्या बायांनी तिच्यासाठी ओळ उचलली, कुणीतरी खुसखुसलं, नवरी मुलगीही हसली. आईने पदर तोंडाशी धरून हसून घेतलं, वडिलांकडे एकदा नीट बघितलं, आणि धवला पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला घेतला.